पुस्तकात आहे, फळीवर नाही : एका रुग्णालयाच्या भांडाराच्या प्रकल्प नोंदी

सिंधुदुर्गातलं विश्वस्त संस्थेचं रुग्णालय, खाटा शंभराच्या आत. काम : साठ्याच्या नोंदी भरवशाच्या करणं. काळ : जून ते सप्टेंबर २०२४.

३ जून, सोमवार

कामाची हद्द ठरली : मुख्य भांडार, ओटी, लेबर रूम, कॅज्युअल्टी, तीन वॉर्ड. फार्मसीचं विक्रीचं काउंटर यात नाही. तिथे बिलाशिवाय गोळी हलत नाही, त्यामुळे तिथला हिशेब बरा आहे.

विश्वस्तांचं म्हणणं असं की एकदा सगळं नीट मोजा, संगणकात खरे आकडे भरा, पुढे फक्त सांभाळायचं. पण ३१ मार्चला नेमकं हेच झालंय. भांडार बंद ठेवून मोजणी झाली, आकडे बसवले, हिशेब तपासनिसांची सही झाली. आणि आज सकाळी ओटीतून निरोप आला की २५ नंबरची स्पायनल सुई (कण्यात भूल द्यायची) संपली. संगणकात ८४ शिल्लक.

दोन महिन्यांत खरा आकडा खोटा होत असेल तर पुन्हा मोजून फार तर पुढचे दोन महिने मिळतील. आकडा कुठे बिघडतो ते आधी बघायचं. मोजणी नंतर.

५ जून, बुधवार

नमुना तपासणी दोन्ही बाजूंनी केली. संगणकाच्या यादीतल्या ४० वस्तू फळीवर शोधल्या आणि फळीवरच्या ४० वस्तू संगणकात शोधल्या. एरवी पहिलीच बाजू तपासतात. त्यातून पुस्तकात असलेलं पण कपाटात नसलेलं सापडतं. उलटं असेल तर सापडत नाही, कारण त्याचं नावच यादीत येत नाही.

मोजणाऱ्याला संगणकातला आकडा मुद्दाम दाखवला नाही. आकडा समोर असला की माणूस मोजत नाही, जुळवतो.

पुस्तकातून फळीवर : ४० पैकी १४ तंतोतंत. फळीवरून पुस्तकात : ४० पैकी ७ वस्तूंचा साठा संगणकात शून्य, नाहीतर कोडच नाही. त्यात फोलीज कॅथेटरची (लघवीच्या नळीची) न फोडलेली दोन खोकी. हेच कॅथेटर मे महिन्यात बाजारातून छापील किमतीला आणले होते.

भांडारपाल काकांनी यादी वाचली, चष्मा काढला. "कॉम्प्युटरात असा, पुस्तकात असा, फळयेर नाय. खरां खयचां ता सांगा."

१९ वस्तूंचा साठा उणे आहे. आय.व्ही. सेट (सलाइनची नळी) तर उणे ३४०. लेखा विभागाला हे आकडे बघवत नाहीत, सगळे शून्य करा म्हणतात. मी थांबवलं. आपण चुकलोय हे स्वतःहून सांगणारा आकडा उणे असतो. ८४ सुयांनी ते कधी सांगितलं नसतं. या १९ पासूनच सुरुवात.

१० जून, सोमवार

उणे साठ्याच्या मागे लागून जे हाती आलं ते असं.

मापं. खरेदीची नोंद खोक्यात, वितरण नगात. परीक्षणाचे हातमोजे खोक्यात १०० येतात. एका ठिकाणी ते १०० नग, दुसऱ्या ठिकाणी ५० जोड्या, तिसऱ्या ठिकाणी १ बॉक्स. टाक्याच्या धाग्याच्या खोक्यात १२ फॉइल. आवक १, जावक १२, शिल्लक उणे ११. आय.व्ही. सेटचं कोडं इथेच सुटलं.

एकाच मालाची अनेक नावं. ॲड्रेनॅलिनला तीन कोड : "इंज. ॲड्रेनॅलिन", "एपिनेफ्रिन १ मिली" आणि एक नुसतंच "ॲड्रे. ॲम्प". आर.एल.ची (रिंगर लॅक्टेट, शिरेतून द्यायचं सलाइन) बाटली तीन नावांनी, कारण बाटलीवर फार्माकोपियाचं नाव कंपाउंड सोडियम लॅक्टेट असतं आणि नवीन ऑपरेटरने लेबल वाचून नवा कोड काढला. त्याचं काही चुकलं नाही. कोड कोण काढू शकतो हेच कोणी ठरवलं नव्हतं.

स्कीमचा माल. दहावर एक फुकट येतो तेव्हा बिलात किंमत दहाचीच. लेखा विभाग बिलाप्रमाणे दहा चढवतो, अकरावा फळीवर जातो आणि नोंदीबाहेर जगतो. शिबिरांना मिळालेली औषधं, एम.आर.नी (औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी) ठेवलेली नमुन्याची पाकिटं, शेजारच्या नर्सिंग होमकडून उसने आणलेले आणि नंतर परत केलेले दोन ऑक्सिजन मास्क, सगळं याच वाटेने.

एक जागा मात्र लखलखीत : ऑर्थोच्या प्लेटा आणि स्क्रू. एकही फरक नाही. कारण सरळ आहे. महात्मा जोतिराव फुले योजनेच्या दाव्याला इम्प्लांटचं स्टिकर जोडावं लागतं, नाहीतर पैसे अडकतात. ती नोंद दर आठवड्याला कोणीतरी वाचतं. आय.व्ही. सेटची नोंद वर्षातून एकदा, तीही मार्चमध्ये.

१४ जून, शुक्रवार

मेट्रन सोबत होत्या म्हणून वॉर्डांची कपाटं उघडता आली.

स्त्री वॉर्डात चादरींच्या मागे आर.एल.च्या साठेक बाटल्या. पुरुष वॉर्डात शिरेत बसवायच्या गुलाबी कॅन्युला (२० नंबर) तीन डबे, पिवळ्या (२४) एक डबा. त्या वॉर्डात लहान मुलं नसतात. लेबर रूममध्ये ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये आहे, पण त्याच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात भांडाराच्या हिशेबाने मार्चमध्येच वापरून संपलेलं मिथर्जिन (बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन). सगळ्याच कपाटांत मुदत गेलेलं काही ना काही.

मेट्रन चिडल्या. सगळं उद्याच्या उद्या भांडारात जमा करा म्हणाल्या. स्त्री वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर शांतपणे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "रात्री दोनला जुलाब-उलट्यांचा पेशंट येतो, नाडी लागत नसते. भांडाराला कुलूप. आरएमओ (निवासी डॉक्टर) सरांना उठवायचं, चावी आणायची, वॉर्डबॉय मामांना पाठवायचं, आणि तिथे जाऊन कळणार की माल नाही. मग मी काय करायचं, मॅडम? कपाटात आहे म्हणून देता येतं."

त्यांचं बरोबर आहे, आणि रोगही तिथेच आहे. भांडाराचा भरवसा नाही म्हणून वॉर्ड साठवतो. वॉर्डाने उचललं की भांडाराच्या पुस्तकात ते वापरलं गेलं. पुस्तकाप्रमाणे मे महिन्यात स्त्री वॉर्डाने जेवढं सलाइन वापरलं तेवढं द्यायला खाटासुद्धा पुरल्या नसत्या. त्या फुगलेल्या खपावर खरेदी होते, पैसे तिथे गुंततात, दुसऱ्या मालाला उरत नाहीत. मग दुसरा माल संपतो आणि वॉर्ड आणखी साठवतो.

माल परत घ्यायचा नाही असं ठरवलं. मेट्रनना पटायला वेळ लागला. आज उचललं तर उद्या तो चादरींच्या मागे नसेल, मला न सापडणाऱ्या जागी असेल. आत्ता फक्त मोजायचं, लिहायचं आणि संगणकात प्रत्येक वॉर्डाला स्वतःचं उपभांडार उघडायचं. भांडारातून निघालेला माल यापुढे "वापरला" होणार नाही, "स्त्री वॉर्डात आहे" होईल. मुदत गेलेलं तेवढं आजच वेगळं काढलं.

२१ जून, शुक्रवार

अत्यावश्यक वस्तूंची यादी करायला बैठक. वैद्यकीय अधीक्षक, भूलतज्ज्ञ, कॅज्युअल्टीचे डॉक्टर, मेट्रन, फार्मासिस्ट. पहिला अर्धा तास सगळंच अत्यावश्यक होतं. मग अधीक्षकांनी प्रश्न बदलला : ही वस्तू या क्षणी नसेल तर पेशंट पाठवावा लागेल का, आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंतच्या दोनेक तासांत त्याचं काय होईल? यादी झपाट्याने आटली. ४६ वस्तू राहिल्या.

खरेदीच्या माणसाला किमतीची उतरंड पाठ असते. सर्वात जास्त पैसा खाणाऱ्या थोड्या वस्तूंवर लक्ष ठेवा, बाकीचं आपोआप चालतं, हे त्याला शिकवलेलं असतं. पण आजच्या ४६ मधल्या निम्म्याअधिक वस्तू त्या उतरंडीच्या अगदी तळाशी आहेत.

काचेची टेस्ट ट्यूब घ्या. फुरसं किंवा घोणस चावलेल्या माणसाचं रक्त गोठतंय का, हे बघायला दोन मिली रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. तिरकी केल्यावर रक्त ओघळलं तर विष भिनलंय, प्रतिविष द्यायचं. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेली काचही चालत नाही. दोन्हींत निकाल फसवा येतो. लॅबने प्लास्टिकच्या व्हॅक्यूम नळ्या घ्यायला लागल्यापासून काचेच्या नळ्यांची उचल शून्य. संगणकाने त्यांना "वर्षभर न हललेला माल" ठरवून निर्लेखनाच्या (पुस्तकातून काढून टाकायच्या) यादीत टाकलं होतं. काकांनी कंटाळा केला म्हणून त्या वाचल्या. (काकांचा कंटाळा या रुग्णालयाची एक सुरक्षा यंत्रणा आहे असं माझं मत होत चाललंय.)

प्राझोसिनचंही तेच. विंचूदंशावर या गोळीचा उपयोग १९८०च्या दशकात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला. कोकणातल्या कॅज्युअल्टीत ती नसणं लाजिरवाणं आहे. संगणकाच्या लेखी ही महिन्याला दोन-चार पट्ट्या जाणारी, रक्तदाबाची मागे पडलेली गोळी.

२८ जून, शुक्रवार

निर्णय : या ४६ वस्तूंसाठी संगणकावर विसंबायचं नाही. आकडे सुधारतील तेव्हा सुधारतील. पाऊस सुरू झालाय, शेतावर साप निघालेत.

पद्धत जुनी आहे, दोन डब्यांची. प्रत्येक वस्तूचा एक चालू डबा आणि एक बांधलेला राखीव डबा. राखीवमध्ये नवीन माल येईपर्यंत पुरेल एवढं. चालू संपला की राखीवची गाठ सोडायची. गाठीत अडकवलेलं लाल कार्ड भांडाराच्या खिडकीतल्या पेटीत टाकायचं. कार्ड आलं की खरेदी, दुसरा कसलाही कागद नाही. कार्डावर नाव, कोड, किती मागवायचं, कोणाकडून.

सर्पविषरोधक लशीचा राखीव डबा २० कुप्यांचा ठेवला. सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात आणि रक्त गोठलं नाही तर सहा तासांनी पुन्हा. त्यामुळे "२० आहेत" याचा अर्थ एक-दोन माणसं. पुस्तकात २० हा आकडा दणदणीत दिसतो.

भूलतज्ज्ञांनी विचारलं, राखीव उघडून कार्ड टाकलंच नाही तर? टाकणार नाहीत असे लोक असतीलच. पण गाठ सुटलेली लांबून दिसते आणि मामा रोज सकाळी फेरी मारतात. नोंद विसरली तर कोणालाच दिसत नाही. तेवढा फरक मला पुरेसा वाटतो.

मॉर्फिन, फेंटानिल, केटामीन यात धरले नाहीत. त्यांचं वेगळं कुलूप आणि वेगळी वही आहे. ती वही बिनचूक आहे.

४ जुलै, गुरुवार

रात्रीच्या उचलीचा प्रश्न. घाईत कोणी चिठ्ठी लिहीत नाही आणि लिहावी अशी अपेक्षाही चूक. मी सुचवलं होतं की रिकामी कुपी एका ट्रेमध्ये टाका, सकाळी आम्ही मोजू. ओटी इन्चार्ज सिस्टरांनी तिथल्या तिथे खोडलं : काचेच्या कुप्या आणि ॲम्प्यूल निळ्या डब्यात जातात, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे, आणि तुमच्या हिशेबासाठी माझ्या मुली फुटकी काच हाताळणार नाहीत.

त्यांनीच पर्याय दिला. जिथे प्रत्येक कुपीला स्वतःचं कागदी खोकं आहे, तिथे खोक्याचं झाकण फाडून डबीत टाकायचं. ॲम्प्यूलला खोकं नसतं, म्हणून खाचांचा ट्रे : ॲड्रेनॅलिनच्या दहा खाचा, ॲट्रोपीनच्या दहा. सकाळी रिकाम्या खाचा म्हणजे रात्रीचा खप. भरायचं, संगणकात चढवायचं. रात्रपाळीला लिहिण्याचं काम शून्य.

सुताराला सांगितलं. थर्माकोलचा नको, पुसता येईल असा.

९ जुलै, मंगळवार

भांडारात ओल. जमिनीवरची खोकी खालून मऊ झालीत. कापसाची दोन बंडलं आणि प्लास्टरच्या पट्ट्या गेल्या. ओल लागलेलं प्लास्टर खोक्यातच आवळलंय. लाकडी फळ्या खाली टाकल्या, भिंतीपासून वीतभर अंतर.

१५ जुलै, सोमवार

कालपासून खेडजवळ दरड आल्यामुळे कोकण रेल्वे बंद. मुंबईहून येणारं पार्सल अडकलं. करूळ घाट कामासाठी बंदच आहे, कोल्हापूरची गाडी फोंड्यावरून येते.

पुनर्मागणीचा हिशेब सगळ्यांना पाठ आहे : रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक राखीव. आमच्या संगणकात प्रत्येक वस्तूला, प्रत्येक पुरवठादाराला "माल यायला ७ दिवस" असं घातलेलं आहे. सॉफ्टवेअर बसवताना कोणीतरी घातलं असणार. जुन्या बिलांवरून खरे दिवस काढले. कोरड्या महिन्यांत ४ ते ६, जुलै-ऑगस्टमध्ये १२ ते १५. म्हणजे आकडा वर्षात कधीच खरा नसतो.

खपही तपासला. मे महिन्यात आर.एल. ५७० बाटल्या गेल्या. ३१ दिवसांनी भागलं तर रोज १८. पण नोंदवही सांगते की १२ दिवस भांडारात आर.एल. नव्हतंच. ५७० बाटल्या १९ दिवसांत गेल्या, रोज ३०. नव्हतं त्या दिवशी गेलं नाही, याचा अर्थ लागलं नाही असा संगणकाने घेतला. १८ ने मागवलं की पुन्हा संपतं. संपलं की पुढचा सरासरी खप आणखी खाली. तुटवडा स्वतःच पुढचा तुटवडा मागवतो. (३० मध्ये वॉर्डांनी दडवलेलं आहे, ते वजा करायला उपभांडारांचे आकडे अजून दोन आठवडे हवेत.)

यापुढे माल शून्य असलेले दिवस भागाकारात धरायचे नाहीत.

२५ जुलै, गुरुवार

कोल्हापुरात पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांवर गेली. पुरवठादाराचा फोन : गाडी निघणार नाही, कधी निघेल सांगता येत नाही.

त्यातच काल रात्री फुरसं चावलेला माणूस आला, भातलावणीवरून परतताना. नळीतलं रक्त गोठलं नाही. दहा कुप्या. पहाटे पुन्हा चाचणी, पुन्हा नाही, आणखी दहा. आज दुपारची चाचणी चांगली आली.

सकाळी सात वाजता पेटीत लाल कार्ड होतं आणि डबीत खोक्यांची २० झाकणं. शिल्लक १२, शंका नाही. साडेसातला अधीक्षकांनी शेजारच्या सरकारी रुग्णालयाला फोन केला, दहा वाजता १५ कुप्या उसन्या आल्या. उसन्याची पावती केली, संगणकात "उसने" या नव्या खात्यावर चढवल्या.

कार्ड टाकणाऱ्या सिस्टर पाळी संपवून निघाल्या होत्या. म्हणाल्या, गाठ सोडली आणि कार्ड हातात आलं, ते ठेवायचं कुठे म्हणून पेटीत टाकलं. यापेक्षा चांगला अभिप्राय मला मिळालेला नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

रोजची थोडी मोजणी सुरू. रोज १२ वस्तू, सकाळी वितरणाची खिडकी उघडायच्या आत. मोजणी चालू असताना माल हलला तर फरक आकड्याचा की वेळेचा, हे नंतर कळत नाही. निवड तीन प्रकारची : ४६ पैकी काही, कार्ड आलेली वस्तू आणि संगणकात नुकतीच शून्यावर आलेली वस्तू. शून्य मोजायला सर्वात सोपं. फळी रिकामी आहे की नाही एवढंच बघायचं.

काका सहकार्य करतात, पण फरक जास्तीचा आला की कपाळाला आठी. आज चहाला बसलो तेव्हा कारण बोलले. पूर्वी एका ठिकाणी त्यांच्या पगारातून तुटीची वसुली झाली होती. तेव्हापासून ते थोडा "वरचा माल" ठेवतात, नोंदीबाहेरचा. कधी कमी आलं तर त्यातून भरायचं. स्कीमचा अकरावा नग मुख्यतः तिकडेच जातो. चोरी नाही; उलट दुसऱ्याच्या चुकीसाठी स्वतः काढून ठेवलेला विमा.

ज्याच्याकडून फरकाची वसुली होते तो फरक दाखवणार नाही, आणि मला तर फरकच बघायचे आहेत. अधीक्षकांकडे विषय काढला. तासभर वाद झाला. लेखा विभागाची भीती अशी की वसुली काढली तर लूट होईल. शेवटी असं ठरलं : कारणासह नोंदवलेल्या फरकावर वसुली नाही. कारणं ठरलेल्या आठांतूनच निवडायची : माप, दुहेरी कोड, नोंद राहिली, स्कीम, फुटतूट, मुदत, उसने, कारण सापडलं नाही. शेवटचं कारण एकाच वस्तूला पुन्हा पुन्हा आलं तर चौकशी. महागड्या आणि अंमली मालाला हा नियम नाही. फरक मोजणाऱ्याने लिहायचा, आकडा दुसऱ्याने बदलायचा.

परिपत्रक निघालं. दुपारी काकांनी मागच्या खोलीचं कुलूप काढलं. ग्लोव्ह्ज, कॅन्युला, सिरिंज, व्हिक्रिलचे धागे, सगळं नीट लावलेलं, स्वतःच्या अक्षरातल्या वहीसकट. ती वही आमच्या संगणकापेक्षा बरीच खरी आहे. तीवरूनच चढवतोय.

१२ ऑगस्ट, सोमवार

मुदतीची फेरी. दोन गोष्टी फळीवर मोठ्या अक्षरात लावल्या. एक : ०८/२०२४ म्हणजे ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. दोन वॉर्ड १ तारखेलाच फेकत होते. दोन : आधी आलेला माल आधी नाही, आधी संपणारा आधी. पुरवठादार कधी कधी नंतर जवळच्या मुदतीचा माल पाठवतो, मग आलेल्या क्रमाने दिलं की मागे राहिलेला मरतो. मागणीपत्रावर "किमान १२ महिने मुदत शिल्लक" छापून घेतलं.

ऑक्सिजनच्या सिलिंडरांवर खडूने लिहिणं सुरू : भरलेला, चालू, रिकामा. आतापर्यंत पुस्तकात फक्त "जंबो १८". त्यातले भरलेले किती, हे उचलून बघणाऱ्या मामांनाच ठाऊक.

२० ऑगस्ट, मंगळवार

जूनसारखीच तपासणी, नव्या ४०-४० वस्तूंची. पुस्तकातून फळीवर ४० पैकी २५. फळीवरून पुस्तकात न सापडलेल्या २. अत्यावश्यक ४६ पैकी ४३ जुळल्या. न जुळलेल्या तिन्ही ओटीतल्या. तिथे ट्रे आहे, पण रविवारी सकाळी खाचा मोजायला कोणी नसतं.

विश्वस्तांना २५ चा आकडा कमी वाटला. खरंच कमी आहे. पण उरलेल्या १५ मध्ये काय आहे ते दाखवलं : छापील फॉर्म, झाडू, कॉटन रोल, नेब्युलायझरचे मास्क. झाडवाच्या नोंदीसाठी माणूस लावायचा असेल तर जरूर लावा, मी नाही सुचवणार. त्याऐवजी संगणकाच्या पडद्यावर एक रकाना वाढवून मागितला : "शेवटचं कधी मोजलं". काल मोजलेले ४० आणि मार्चमध्ये मोजलेले ४० आज एकसारखे दिसतात. डॉक्टरने दोन्हींवर सारखाच भरवसा ठेवू नये, एवढंच हवंय. सॉफ्टवेअरवाले म्हणतात पुढच्या आवृत्तीत. तोवर बिन कार्डावर (फळीवरच्या वस्तूच्या कार्डावर) पेन्सिलने तारीख.

३० ऑगस्ट, शुक्रवार

७ सप्टेंबरला गणपती. इथे त्याचा अर्थ : मुंबईचे चाकरमानी गावात, लोकसंख्या फुगलेली, महामार्गावर अपघात, आणि आमच्या निम्म्या माणसांच्या रजा. मागणीपत्रं या आठवड्यातच गेली पाहिजेत, नंतर वाहतूकवालेही गणपतीत.

आर.एल.चा खप उपभांडारांसकट नीट लागला : रोज २३. पुस्तकाचे १८ कमी होते, माझे ३० जास्त. १५ दिवस धरून ३४५, राखीव १००, त्यातून वॉर्डांत असलेलं वजा. स्त्री वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांनी स्वतःहून ४० बाटल्या परत पाठवल्या; चादरी ठेवायला जागा हवी, असं कारण लिहिलंय. आठ कारणांत ते बसत नाही. "नोंद राहिली" खाली घेतलं.

डॉक्सिसायक्लिन वाढवलं. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला ताप) पेशंट अजून येतायत.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गौरी-गणपती गेले. १० तारखेला सकाळपाळीत भांडारात एकटे मामा होते, त्यांना संगणक येत नाही. लाल कार्डं पेटीत साठली : पाच. काल फार्मासिस्टने चढवली. अत्यावश्यक वस्तू एकही संपली नाही. झिंक ऑक्साइडचा चिकटपट्टा संपला, तो बाजारातून आणला, छापील किमतीला.

२६ सप्टेंबर, गुरुवार

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची ऑगस्ट महिन्याची यादी काल-परवापासून बातम्यांत आहे. दर्जात न बसलेल्या बॅचेसमध्ये पॅरासिटामॉल ५०० च्या गोळ्यांचीही एक. अधीक्षकांचा फोन : आपल्याकडे आहे का?

जुलैपासून आवक नोंदवताना बॅच नंबर सक्तीचा केलाय, त्यामुळे त्यानंतरच्या मालाचं उत्तर लगेच मिळालं. नाही. त्याआधीचा माल शोधायला वॉर्डात जावं लागलं, आणि तिथे नवीनच गोष्ट दिसली. पट्टी कापून दोन-चार गोळ्या देतात. बॅच आणि मुदत पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते, आणि बहुतेक कात्र्या त्याच टोकापासून चालतात. तीन वॉर्डांच्या ट्रॉल्यांवर नंबर नसलेले तुकडे ओंजळभर निघाले. त्या बॅचचे असण्याची शक्यता कमी, पण नाहीत असं कोण सांगणार? सगळे बाजूला काढले.

सूचना लावली : पट्टी कापायची तर छापील टोक शेवटपर्यंत राहील अशी कापा. सिस्टर म्हणाल्या, डावखुऱ्यांचं काय? तपासून बघायला सांगितलंय.

काका विचारत होते, हे तुकडे कुठल्या कोडाखाली घेऊ. नवा कोड काढू नका म्हटलं. "मुदत" या कारणाखाली निर्लेखन, फार्मासिस्टची सही, आणि उद्या सकाळच्या १२ मध्ये पॅरासिटामॉल पहिलं मोजायचं.